दगा मनाला, झळ शरीराला

अनुराग बसू यांचा ‘लाइफ इन अ... मेट्रो’ हा हिंदी चित्रपट मे २००७ मध्ये प्रदर्शित झाला. मुंबईतल्या काही विस्कटलेल्या जोड्यांची ही गोष्ट. रणजित (के के मेनन) आणि शिखा (शिल्पा शेट्टी) यांचा संसार बाहेरून पाहणाऱ्याला नीटनेटका वाटावा असा. पण रणजितचे ऑफिसातल्याच नेहाशी (कंगना रणौत) संबंध आहेत. भेटायला जागा हवी, म्हणून हाताखालच्या राहुलच्या (शर्मन जोशी) फ्लॅटची किल्ली साहेबांच्या खिशात जाते. बढतीच्या आशेने किल्ली देणाऱ्या राहुलचा जीव नेमका नेहावरच जडलेला असतो. किल्लीचा हा धागा बिली वाइल्डर यांच्या ‘द अपार्टमेंट’ (१९६०) या ऑस्करविजेत्या चित्रपटातून आलेला. इकडे एकटी पडलेली शिखा आकाश नावाच्या कलावंताकडे ओढली जाते. मधूनमधून इरफान खानचा मॉन्टी आणि कोंकणा सेन शर्माची श्रुती हसवत राहतात, त्यामुळे प्रेक्षकाला विषयाचं ओझं वाटत नाही.

अठरा वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, याच दिग्दर्शकाने ‘मेट्रो... इन दिनों’ आणला. आता फ्लॅटच्या किल्लीची जागा मोबाइलने घेतली आहे. संसाराला कंटाळलेला मॉन्टी (पंकज त्रिपाठी) डेटिंग अॅपवर चोरून खातं उघडतो. बायकोला, काजोलला (पुन्हा कोंकणा सेन शर्मा), ते कळतं आणि तीही खोटं खातं उघडून त्याला जाळ्यात ओढते. चित्रपटगृहात हशा पिकतो. तिची आई शिबानी (नीना गुप्ता) हिने मात्र नवऱ्याचं जुनं प्रकरण गिळून मुलींसाठी संसार रेटलेला असतो.

अडीच-पावणेतीन तासांत गाणी होतात, रडून होतं आणि बहुतेक जोड्या मार्गी लागतात. चित्रपटाने तेवढंच करायचं असतं. प्रत्यक्षात जोडीदाराचं प्रकरण उघड झाल्यावर पुढचे कित्येक महिने काय होतं, हे मात्र पडद्यावर मावत नाही. आपल्याकडे त्याचा विचार बहुतेक वेळा नीती, अब्रू आणि कोर्टकचेरी या अंगांनीच होतो. आरोग्याच्या अंगाने क्वचितच. खरं तर हा धक्का आधी झोपेवर, भुकेवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर उमटतो. त्याची लक्षणं काय, त्यातून सावरायला काय मदत करतं आणि काय नुकसान करतं, याबद्दल गेल्या तीन दशकांत बरीच माहिती हाती आली आहे.

‘कळलं’ त्या क्षणानंतर

जोडीदाराच्या फोनवर एखादा मेसेज दिसतो, हॉटेलचं बिल हाती लागतं किंवा तिसरंच कोणी येऊन सांगतं. त्या क्षणी मेंदू हा धोक्याचा प्रसंग समजतो. अॅड्रिनॅलिन उसळतं, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, पोटात गोळा येतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक वाढतं. अपघात टळला की ही यंत्रणा तासाभरात शांत होते. इथे मात्र धोका घरातच आहे, शेजारच्या उशीवर आहे. त्यामुळे ती पुन्हा पुन्हा सुरू होत राहते.

क्रिस्टिना गॉर्डन, डोनाल्ड बॉकम आणि डग्लस स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा जोडप्यांवर बरंच काम केलं. त्यांची मांडणी अशी, की प्रकरण उघड होणं हा नात्यातला मानसिक आघात आहे आणि त्यावर उपचारही आघात समजूनच करायला हवेत. मोठ्या अपघातातून किंवा हल्ल्यातून वाचलेल्या माणसांत जी लक्षणं दिसतात, त्यांच्याशी मिळतीजुळती लक्षणं फसवल्या गेलेल्या जोडीदारात दिसतात. नको ती दृश्यं डोळ्यांपुढे येत राहतात. ठरावीक गाणं, रस्ता किंवा तारीख आली की अंगावर काटा येतो. फोनची रिंग वाजली तरी दचकायला होतं. कधी सगळं बधिर झाल्यासारखं वाटतं, तर कधी क्षुल्लक कारणावरून आगडोंब उसळतो. ‘मला वेड लागतंय का,’ असं या काळात अनेकांना वाटतं. वेड लागलेलं नसतं. ज्या माणसाच्या भरवशावर सगळं जग उभं होतं, तोच भरवसा निखळल्यावर मेंदू असाच वागतो.

अॅनमेरी कॅनो आणि डॅनियल ओ’लिअरी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्रियांच्या दोन गटांची तुलना केली होती. दोन्ही गटांतल्या स्त्रियांचे संसार सारखेच कुरबुरीचे होते. एका गटाने मात्र नुकताच नवऱ्याच्या प्रकरणासारखा किंवा त्याने विभक्त होण्यासारखा अपमानाचा प्रसंग सोसला होता. या गटात तीव्र नैराश्याचं प्रमाण सहापट आढळलं. अभ्यास पन्नास स्त्रियांचा, म्हणजे लहान होता. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नेहमीची भांडणं आणि दगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दग्याचा घाव अधिक खोल जातो.

हे फक्त मनापुरतं राहत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी ४२ विवाहित जोडप्यांवर एक वेगळाच प्रयोग केला. प्रत्येकाच्या हातावर मुद्दाम छोटे फोड आणले. मग एका भेटीत जोडप्याने एकमेकांना आधार देणाऱ्या गप्पा मारायच्या आणि दुसऱ्या भेटीत मतभेदाच्या विषयावर बोलायचं, असं ठरवलं. मतभेदाच्या चर्चेनंतर जखमा भरायला अधिक वेळ लागला. ज्या जोडप्यांच्या वागण्याबोलण्यात सतत वैरभाव होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या जेमतेम ६० टक्के होता. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा प्रयोग विवाहबाह्य संबंधांबद्दल नव्हता. घरातली कटुता त्वचेपर्यंत कशी पोहोचते, याचा मात्र तो मोजून दिलेला पुरावा आहे.

डॉक्टरांच्या दवाखान्यात हा विषय बहुतेक वेळा वेगळ्याच नावाने येतो. झोप येत नाही, पित्त वाढलंय, रक्तदाब आटोक्यात राहत नाही, डोकं दुखतं, पाळी बिघडली. तपासण्या होतात, गोळ्या सुरू होतात. घरात काय घडलं, हे पेशंट सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. काहींच्या बाबतीत दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार इथूनच सुरू होतो. ‘घरी काही ताण आहे का,’ हा एक प्रश्न, तोही नातेवाइकांना बाहेर बसवून विचारलेला, कधी कधी पुष्कळ तपासण्यांपेक्षा अधिक सांगून जातो.

दोष जनुकांचा की कंटाळ्याचा?

माणसं असं का वागतात, या प्रश्नाला विज्ञानाने एकेकाळी फार सोपं उत्तर शोधलं होतं. उत्तर अमेरिकेतला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी जोडी करून राहतो. सस्तन प्राण्यांत असे जोडीने राहणारे जेमतेम तीन ते पाच टक्के. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांचा या जोडीशी संबंध आहे, असं संशोधनात दिसलं आणि ‘निष्ठेचं संप्रेरक’ सापडल्याच्या बातम्या झाल्या. पुढे पिलांच्या जनुकीय तपासण्या झाल्या, तेव्हा हे आदर्श जोडीदारही अधूनमधून बाहेर संबंध ठेवतात, हे उघड झालं. एकत्र घर करणं आणि शरीरसंबंधातली एकनिष्ठा या निसर्गात दोन निराळ्या गोष्टी निघाल्या. २०२३ मध्ये आणखी एक धक्का बसला. ऑक्सिटोसिनचा ग्राहकच नसलेले व्होल संशोधकांनी तयार केले, तरी त्यांनी नेहमीसारख्या जोड्या केल्या.

माणसांतही असा शोध झाला. स्वीडनमधल्या जुळ्या भावंडांच्या २००८ च्या अभ्यासात व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहकाशी निगडित जनुकाचा एक प्रकार तपासला गेला. त्या प्रकाराच्या दोन प्रती असलेल्या पुरुषांपैकी ३४ टक्क्यांनी आदल्या वर्षात संसारात मोठं संकट आल्याचं सांगितलं. एकही प्रत नसलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. फरक आहे. पण दोन प्रती असलेल्यांपैकी दोन तृतीयांश पुरुषांचा संसार ठीक चालला होता, हेही त्याच आकड्यात आहे. ‘माझ्या रक्तातच आहे’ या सबबीला विज्ञानाचा आधार नाही.

मॉन्टीचं दुखणं जनुकांचं नाही, कंटाळ्याचं आहे. या कंटाळ्याचाही अभ्यास झाला आहे. आयरीन त्सापेलास, आर्थर अॅरन आणि टेरी ऑर्बक यांनी १२३ जोडप्यांना लग्नाच्या सातव्या वर्षी विचारलं, की संसार एकसुरी वाटतो का? सोळाव्या वर्षी पुन्हा गाठलं. सातव्या वर्षी कंटाळा नोंदवणारे सोळाव्या वर्षी अधिक असमाधानी होते. त्याआधी अॅरन यांनीच दाखवलं होतं, की जोडप्याने मिळून काही नवं, थोडं धडपडीचं काम केलं, तर अवघ्या सात मिनिटांनंतरही दोघं नात्याबद्दल अधिक चांगलं बोलतात. प्रयोगात दोघांचे हातपाय एकत्र बांधून त्यांना गाद्यांवरून रांगायला लावलं होतं. घरी एवढं करायची गरज नाही. पण मुलांची फी, दूधवाल्याचं बिल आणि सासरमाहेरची आजारपणं यांपलीकडे दोघांत काहीच उरलं नसेल, तर ते वेळीच ओळखावं, एवढा बोध त्यातून घेता येतो.

अर्थात कंटाळा हे कारण असेल, समर्थन नव्हे. कंटाळा तर काजोललाही आलेला असतो. शिवाय विवाहबाह्य संबंध फक्त दुःखी संसारातच होतात, हाही समज खरा नाही. शर्ली ग्लास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ या विषयावर अनेक वर्षं काम करत होत्या. आपण संसारात सुखी आहोत, असं सांगणारी माणसंही प्रकरणात अडकलेली त्यांना आढळली. सुरुवात बहुतेकदा ऑफिसातल्या साध्या मैत्रीने होते. मग घरातलं गाऱ्हाणं त्या व्यक्तीला सांगितलं जातं आणि त्या गप्पा घरी सांगितल्या जात नाहीत. जोडीदारापुढे भिंत आणि बाहेरच्या व्यक्तीपुढे खिडकी, अशी उलटी रचना झाली की पुढचा उतार सुरू होतो. स्वतःला तपासायचं असेल तर ‘हे संभाषण मी घरी वाचून दाखवीन का,’ हा प्रश्न पुरेसा आहे.

रणजितचा न्याय

‘लाइफ इन अ... मेट्रो’मधला सर्वांत बोचरा प्रसंग कबुलीचा आहे. रणजित बायकोपुढे आपलं प्रकरण कबूल करतो. मग शिखाही आकाशविषयी सांगते. तिने तर पाऊल मागे घेतलेलं असतं. तरीही क्षमेची अपेक्षा करणारा रणजित तिचं ऐकून बिथरतो. आपल्या चुकीला ‘घसरलो’ आणि तिच्या ओढीला ‘व्यभिचार’ म्हणण्याचा हा न्याय अनेक घरांत ओळखीचा आहे.

यामागे स्त्री-पुरुषांच्या मत्सरातला नैसर्गिक फरक आहे का? डेव्हिड बस यांनी १९९२ मध्ये विद्यार्थ्यांना एक काल्पनिक प्रश्न विचारला. जोडीदाराचा दुसऱ्याशी शरीरसंबंध आला, हे जास्त झोंबेल की जोडीदार दुसऱ्यावर मनापासून प्रेम करू लागला, हे? ६० टक्के पुरुषांना शरीरसंबंध अधिक झोंबला, तर ८३ टक्के स्त्रियांना मनाची गुंतवणूक. हा निष्कर्ष खूप गाजला. पुढे क्रिस्टीन हॅरिस यांनी ज्यांना खरोखर दगा मिळाला होता अशा लोकांना त्यांचे अनुभव विचारले. तेव्हा स्त्रिया आणि पुरुष दोघांचंही मन भावनिक गुंत्यातच अधिक अडकलेलं दिसलं. कल्पनेतल्या उत्तरात जो फरक होता, तो प्रत्यक्ष अनुभवात तसा राहिला नाही. त्यामुळे ‘नुसते मेसेजच तर होते’ किंवा ‘मनात काही नव्हतं, फक्त शरीर होतं’ या दोन्ही सबबी समोरच्याचं दुःख कमी करत नाहीत.

कायद्यातही अनेक वर्षं रणजितचाच न्याय होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ नुसार नवरा बायकोच्या प्रियकरावर फौजदारी करू शकत होता. बायकोला तसा अधिकार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. व्यभिचार आता गुन्हा नाही. घटस्फोटाचं कारण मात्र तो आजही आहे.

सांगावं की लपवावं?

‘जे माहीत नाही त्याचा त्रास नाही,’ असं म्हणून पुष्कळ जण गप्प राहणं पसंत करतात. याबाबत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास विचार करायला लावतो. अडचणीत असलेली आणि समुपदेशन घेणारी १३४ जोडपी त्यात होती. त्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांच्यात प्रकरण नव्हतं, त्यांच्यापैकी २३ टक्के जोडप्यांचा घटस्फोट झाला. प्रकरण होतं आणि ते उघड झालं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ४३ टक्के होतं. प्रकरण असून जोडीदारापासून लपवलं गेलं, तिथे ८० टक्के. शिवाय प्रकरण उघड होऊनही जे एकत्र राहिले, त्यांचं संसारातलं समाधान इतरांपेक्षा कमी नव्हतं.

प्रकरण असलेली जोडपी यात फक्त १९ होती, समाज वेगळा होता. त्यामुळे हे टक्के जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. पण प्रकरण लपवून समुपदेशन घेणं म्हणजे गळू तसंच ठेवून वरून मलम लावणं, हा समुपदेशकांचा अनुभव या आकड्यांशी जुळतो.

काय सांगावं, यालाही मर्यादा आहेत. संबंध कोणाशी, किती काळ, संपले का, पैसे गुंतलेत का, संसर्गाचा धोका आहे का, या प्रश्नांची खरी उत्तरं मिळण्याचा जोडीदाराला हक्क आहे. शय्यागृहातले बारीकसारीक तपशील मात्र तज्ज्ञ टाळायला सांगतात. ते ऐकून खात्री पटत नाही. डोळ्यांपुढे येणाऱ्या दृश्यांत भर पडते. आणखी घातक असतं ते तुकड्यातुकड्याने सांगणं. आज थोडं, पकडलं गेल्यावर आणखी थोडं. प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर आधीची कबुलीही खोटी ठरते आणि आघात पहिल्यापासून सुरू होतो.

सावरण्याचे तीन टप्पे

गॉर्डन, बॉकम आणि स्नायडर यांच्या पद्धतीत सावरण्याचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा धक्का सोसण्याचा. या काळात मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. आठवडाभरात घटस्फोटाची नोटीसही नाही आणि ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असंही नाही. झोप, जेवण, मुलांची शाळा आणि नोकरी सांभाळणं एवढंच काम. रात्री अकरानंतर हा विषय काढायचा नाही, दिवसातला ठरावीक वेळच त्यासाठी ठेवायचा, बोलणं हाताबाहेर जातंय असं वाटलं तर अर्धा तास थांबायचं, असे साधे नियम उपयोगी पडतात. ज्याने दगा दिला, त्याने बाहेरचं नातं पूर्ण बंद करणं आणि ते जोडीदाराला दिसेल असं करणं, ही पहिली अट.

दुसरा टप्पा अर्थ लावण्याचा. हे का घडलं? नात्यात काय सुटलं होतं, त्या व्यक्तीच्या स्वभावात आणि परिस्थितीत काय होतं? इथे एक फरक सांभाळावा लागतो. संसारातल्या उणिवांना दोघंही जबाबदार असू शकतात. फसवण्याचा निर्णय मात्र ज्याचा त्याचाच असतो. ‘तू लक्ष दिलं नाहीस म्हणून’ हे वाक्य या टप्प्यात सगळं केलेलं काम धुऊन टाकतं.

तिसरा टप्पा पुढे जाण्याचा. सगळी माहिती समोर ठेवून, शांत डोक्याने, एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं हे ठरवायचं. क्षमा करणं म्हणजे एकत्र राहणंच असं नाही. कोणी क्षमा करून वेगळं होतं. याला महिने लागतात, कधी वर्षंही लागतात. मध्येच एखाद्या दिवशी जुना राग पुन्हा उफाळून येतो. ती पीछेहाट नसते. जखम भरताना असं होतंच.

आपल्याकडे हे टप्पे ओलांडण्याआधीच नातेवाइकांची बैठक बसते. मामा, काका, मोठे दीर, सगळे येतात. पुरुषाची चूक असेल तर ‘पदरात घे’ आणि बाईची असेल तर ‘माहेरी पाठवा’ असा निवाडा तासाभरात होतो. वडीलधाऱ्यांचा आधार मोलाचा आहे, पण निवाडा हा उपचार नाही. एखाद-दुसरं विश्वासाचं माणूस जवळ असावं, वीस जणांना तपशील कळू नयेत. पुढे दोघं एकत्र राहिली तरी ते वीस जण विसरत नाहीत. मुलांना तर निरोप्या किंवा हेर कधीच करू नये. वयाला पेलेल एवढंच त्यांना सांगावं: आईबाबांमध्ये अडचण आहे, ती तुमच्यामुळे नाही आणि तुमची काळजी दोघंही घेणार आहोत.

काजोलने केलेली हेरगिरी पडद्यावर गमतीची वाटते. प्रत्यक्षात रोज रात्री फोन तपासण्याची सवय लागली, की तपासणाऱ्याचीच झोप जाते. दगा देणाऱ्याने काही काळ स्वतःहून फोन, वेळापत्रक, खर्च उघडे ठेवणं वेगळं आणि चोरून पाळत ठेवणं वेगळं. पहिल्याने भरवसा हळूहळू परत येतो, दुसऱ्याने संशय वाढतो.

डॉक्टरकडे केव्हा जावं?

काही गोष्टींत थांबून चालत नाही. पहिली म्हणजे लैंगिक संसर्गाची तपासणी. लाजेपोटी ही सर्रास टाळली जाते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस, क्लॅमिडिया यांपैकी अनेक संसर्ग दीर्घकाळ लक्षणांशिवाय राहतात. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत मोफत आणि गोपनीय असतं. संसर्गानंतर काही आठवडे तपासणीत तो दिसत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करावी. अहवाल येईपर्यंत निरोध वापरावा. १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर माहिती मिळते.

दुसरी गोष्ट संशयाची. सगळेच संशय खरे नसतात आणि काही संशय हा आजार असतो. कोणताही पुरावा नसताना जोडीदार बाहेरख्याली आहे अशी पक्की खात्री बसणं, कपडे हुंगणं, कामाच्या ठिकाणी जाऊन पाळत ठेवणं, रात्ररात्र उलटतपासणी घेणं, कितीही समजावलं तरी न पटणं, ही संशयविकृतीची लक्षणं असू शकतात. शेक्सपिअरच्या नाटकातल्या ऑथेल्लोवरून तिला ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ही म्हणतात. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांत, तसंच स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन्सच्या काही रुग्णांत ती आढळते. सत्तरीतले आजोबा अचानक आजीवर आळ घेऊ लागले, तर घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. यावर औषधोपचार आहेत आणि ते लवकर सुरू होणं महत्त्वाचं आहे, कारण अशा संशयातून मारहाणीपर्यंत मजल जाते. संशय खरा असो की खोटा, मारहाण सुरू झाली तर समेटाची चर्चा थांबवून आधी सुरक्षित जागी जायला हवं. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे.

तिसरी गोष्ट जिवाची. चित्रपटात नेहा राहुलच्या फ्लॅटमध्ये जीव देण्याचा प्रयत्न करते. ही केवळ कथेतली कलाटणी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत ३१.७ टक्के कौटुंबिक समस्यांमुळे आणि आणखी ४.८ टक्के विवाहाशी निगडित कारणांमुळे झाल्या. महाराष्ट्रात २२ हजार ७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, राज्यांमध्ये सर्वाधिक. धोका फसवल्या गेलेल्या जोडीदारालाच असतो असं नाही. उघडं पडल्याच्या शरमेने दगा देणारा किंवा ती तिसरी व्यक्तीही टोकाला जाऊ शकते. ‘मी नसलेलंच बरं’ असं कोणी बोललं, तर ती धमकी समजून दुर्लक्ष करू नये. त्या माणसाला एकटं सोडू नये, थेट विचारावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

याखेरीज दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडालेली असेल, कामावर जाणं अशक्य झालं असेल किंवा दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जोडप्याच्या समुपदेशनाला दोघंही तयार असतील तर उत्तमच. एक जण तयार नसेल, तर दुसऱ्याने एकट्याने जाण्यातही फायदा असतो. प्रकरण न्यायालयात गेलंच, तर कुटुंब न्यायालयांतही विवाह समुपदेशक असतात.

शिबानीच्या पिढीतल्या असंख्य बायकांनी, आणि काही पुरुषांनीही, हे दुःख कोणाला न सांगता गिळलं. संसार टिकला, याचं कौतुक झालं. त्याची किंमत मात्र रक्तदाबाच्या गोळ्यांत, अर्धशिशीत आणि न बोलता एकाच छताखाली काढलेल्या वर्षांत मोजली गेली. एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं, याचं उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, कोणताही चित्रपटही नाही. पण मुका मार लागला म्हणून मार लागलाच नाही, असं होत नाही. आपण पाय मुरगळला तरी एक्स-रे काढतो. इतक्या मोठ्या धक्क्यानंतर निदान एका जाणत्या माणसाशी मोकळेपणाने बोलायला हरकत नसावी.